वाचकांचे प्रश्न : स्कॅन केलेली पुस्तके डिजिटल साठ्यात एकगठ्ठा चढवताना

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, अथणी या भागांतल्या वाचनालयांकडून आणि महाविद्यालयांकडून आलेल्या पत्रांत सध्या एकच विषय वरचढ आहे. स्कॅनिंग उरकले, आता शेकडो फाइली त्यांच्या माहितीसह (म्हणजे मेटाडेटासह) डीस्पेससारख्या साठ्यात, म्हणजे डिजिटल संग्रह सांभाळणाऱ्या प्रणालीत, एकदम कशा चढवायच्या? निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. रकान्यांची, फाइलींची आणि आज्ञांची नावे छपाईपुरती देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची सुमारे सहाशे जुनी पुस्तके आणि दिवाळी अंक स्कॅन झाले आहेत. एका शिक्षणसंस्थेने त्यांच्या डीस्पेसवर जागा देऊ केली आहे, पण ‘फाइली आणि मेटाडेटा तयार करून द्या’ असे त्यांचे म्हणणे आहे. सुरुवात कुठून करावी?
ग्रंथपाल, निपाणी

उत्तर : सुरुवात दाखल नोंदवहीपासून करा. दाखल क्रमांक हाच फाइलीचा आणि तक्त्यातल्या ओळीचा दुवा ठेवला, तर पुढे शंका आली की थेट कपाटातल्या पुस्तकापर्यंत जाता येते.

तक्ता करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो : एक नोंद म्हणजे काय? पुस्तकाला एक नोंद, हे सोपे आहे. मासिकांचे बारा अंक एका बांधणीत असले तरी प्रत्येक अंकाची वेगळी नोंद करा. वाचक अंकाचा महिना आणि साल घेऊन येतो. बांधणी ही तुमच्या कपाटाची सोय आहे. एका पुस्तकाचे दोन खंड वेगवेगळ्या साली निघाले असतील तर दोन नोंदी करा.

मग तक्ता. एक ओळ म्हणजे एक नोंद, एक रकाना म्हणजे एक प्रकारची माहिती. रकान्याचे नाव डब्लिन कोअरच्या (नोंदींच्या माहितीसाठी ठरलेल्या रकान्यांच्या नमुन्याच्या) पद्धतीने, मधे टिंबे देऊन लिहायचे : डीसी.टायटल, डीसी.कॉन्ट्रिब्यूटर.ऑथर, डीसी.डेट.इश्यूड, डीसी.पब्लिशर, डीसी.लँग्वेज.आयएसओ, डीसी.सब्जेक्ट, डीसी.कव्हरेज.स्पेशियल, डीसी.डिस्क्रिप्शन, डीसी.आयडेंटिफायर.अदर, डीसी.राइट्स. यांशिवाय फाइलनेम नावाचा एक रकाना, ज्यात त्या ओळीच्या पीडीएफचे नाव असेल. एका रकान्यात दोन किंमती द्यायच्या असतील, उदाहरणार्थ दोन लेखक, तर मधे दोन उभ्या रेघा द्या : ||. स्वल्पविराम देऊ नका. ‘माडखोलकर, गजानन त्र्यंबक’ या एकाच नावात स्वल्पविराम आहे.

समजा, दाखल क्रमांक ४१२ ला १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका आहे. तिची ओळ अशी भरेल. फाइलनेम : एनव्हीएन_००४१२.पीडीएफ. शीर्षक पत्रिकेवर छापले असेल तसेच, शब्दशः. लेखकाचा रकाना रिकामा. संमेलनाच्या अध्यक्षांना लेखक करू नका, त्यांचे नाव विषयात घाला. तारीख १९४६-०५, इंग्रजी अंकांत. भाषा एमआर. विषय : मराठी साहित्य संमेलने||माडखोलकर, गजानन त्र्यंबक||संयुक्त महाराष्ट्र चळवळ. हा शेवटचा विषय त्या संमेलनात झालेल्या ठरावामुळे येतो, आणि या चळवळीचा अभ्यासक नेमका तिथूनच शोध घेतो. स्थळ : बेळगाव. ओळखक्रमांक : ४१२.

डीस्पेस जे गठ्ठे स्वीकारते त्या रचनेला सिंपल आर्काइव्ह फॉरमॅट म्हणतात. एका मुख्य फोल्डरमध्ये प्रत्येक नोंदीचा एक फोल्डर असतो. त्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी : पीडीएफ, माहितीची डब्लिन_कोर.एक्सएमएल ही फाइल, आणि कंटेंट्स नावाची साधी मजकूर फाइल, जिच्यात त्या फोल्डरमधल्या चढवायच्या फाइलींची नावे ओळीओळीने असतात. सहाशे फोल्डर हाताने करू नका. सॅफबिल्डर हे मोफत साधन तुमचा सीएसव्ही तक्ता (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आणि पीडीएफ घेऊन ही सगळी रचना करून देते.

हाताने करायची वेळ आलीच तर तीन ठिकाणी हटकून घोटाळा होतो. नोटपॅड कंटेंट्स या नावापुढे आपोआप .टीएक्सटी जोडते, फाइलीला शेपूट असता कामा नये. फाइलनावापुढे बंडल (फाइलींचा गट) किंवा वर्णन लिहायचे तर मधे टॅब लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. आणि प्रकाशकाच्या नावातले & हे चिन्ह एक्सएमएलमध्ये तसेच राहिले तर ती फाइल वाचलीच जात नाही; तिथे ‘आणि’ लिहिण्याऐवजी त्या चिन्हाचा एक्सएमएल संकेत वापरा, म्हणजे छापील नाव बदलत नाही.

सहाशे ओळी भरण्याआधी दहा नोंदींचा नमुना चढवून बघा. त्या दहांत मुद्दाम अडचणीच्या वस्तू घ्या : एक जोडलेखकांचे पुस्तक, एक साल नसलेले, एक कानडी-मराठी, एक दिवाळी अंक, एक दोनशे पानांहून मोठे. दहा सोपी पुस्तके घेऊन केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

प्रश्न : तक्ता एक्सेलमध्ये नीट दिसतो. सीएसव्ही करून पाठवला तर समोरच्यांना सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात. शिवाय ‘१९४६-०५’ चे काहीतरी वेगळेच झाले आहे. सगळे पुन्हा टंकावे लागेल का?
शिक्षक, खानापूर

उत्तर : मूळ एक्सेल फाइल शिल्लक असेल तर काहीही पुन्हा टंकावे लागणार नाही. ती जपून ठेवा.

साधा ‘सीएसव्ही’ हा पर्याय निवडला की एक्सेल जुनी संकेतप्रणाली (अक्षरे साठवण्याची पद्धत) वापरते. तीत देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. त्या फाइलीतून मराठी परत येत नाही. अक्षरे पुसली गेलेली असतात. याउलट प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टोप्या-रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे आणि फक्त चुकीच्या संकेताने उघडला गेला आहे. या दोन अवस्था वेगळ्या ओळखा. दुसऱ्या अवस्थेत लोक घाबरून ‘सेव्ह’ करतात आणि चांगली फाइल खराब होते.

जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्या. त्यालाही एक खोच आहे : एक्सेल फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकते. काही साधनांना ती पहिल्या रकान्याच्या नावाचा भाग वाटते, आणि ‘फाइलनेम रकाना सापडत नाही’ अशी तक्रार येते, जरी तो डोळ्यांना समोर दिसत असला. म्हणून शेवटचा सीएसव्ही आम्ही लिब्रेऑफिस कॅल्कमधून काढायला सांगतो. जतन करताना फिल्टरची सेटिंग्ज बदलण्याच्या चौकटीवर खूण करा, संकेत युनिकोड यूटीएफ-८ निवडा, विभाजक स्वल्पविराम ठेवा आणि सगळ्या मजकुराला अवतरणचिन्हे देण्याचा पर्याय चालू करा. शीर्षकात स्वल्पविराम असलेली पुस्तके त्यामुळे दोन रकान्यांत फुटत नाहीत.

तारखेचे म्हणाल तर एक्सेलला ‘१९४६-०५’ ही तारीख वाटते आणि ती ‘मे-४६’ करून टाकते. तसेच ००४१२ चे ४१२ होते. तारीख आणि क्रमांक यांचे रकाने टंकण्याआधी ‘टेक्स्ट’ प्रकारचे करा. नंतर केले तर झालेला बदल मागे फिरत नाही. तयार सीएसव्ही पुन्हा बघायचा असेल तर त्यावर डबलक्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ पट्टीतून मजकूर म्हणून आयात करा, संकेत ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा, आणि हे रकाने मजकूर म्हणूनच आणा. तक्ता तयार असतानाही शेवटच्या तपासणीत डबलक्लिक झाल्याने तारखा बिघडतात, हे वारंवार घडते.

प्रश्न : आमच्याकडे पुस्तकांची जुनी यादी श्रीलिपीत आणि कानडी यादी नुडीत टंकलेली आहे. ती तक्त्यात चिकटवली तर नुसती इंग्रजी अक्षरे येतात.
डीटीपी व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : त्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत. फॉन्ट लावला की मराठी दिसते. सीएसव्हीत फॉन्ट जातच नाही, त्यामुळे उरते ते खालचे इंग्रजी. यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच मार्ग आहे. कानडीसाठी नुडी आणि बरहा यांच्याबरोबर रूपांतराची सोय मिळते. मराठीसाठी बरीच रूपांतरके आहेत, पण निवडलेले रूपांतरक नेमक्या तुमच्याच फॉन्टसाठी बनलेले आहे ना, हे आधी बघा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. आधी वीस ओळी रूपांतरित करून छापील यादीशी ताडा.

रूपांतरानंतर चुका ठरावीक जागी सापडतात. ह्रस्व इकार एक अक्षर मागे-पुढे सरकतो, विशेषतः जोडाक्षराआधी. रफार चुकीच्या अक्षरावर बसतो. सर्वांत फसवा प्रकार ‘दुसऱ्या’, ‘पुजाऱ्याची’ यांतल्या ऱ्य चा. तो दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकासाठी मात्र ती वेगळी अक्षरे आहेत. शीर्षकांच्या किंवा विषयांच्या यादीत एकच शब्द दोनदा येऊ लागला तर पहिला संशय यावर घ्या. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचेही तेच. संपूर्ण तक्त्यात एकच रूप ठरवा आणि शोधा-बदला करून टाका. आमची शिफारस नुक्त्याचा ऱ आणि एकसंध ॲ यांची आहे. शब्दांच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागाही याच वेळी काढा. ‘निपाणी’ आणि पुढे मोकळी जागा असलेले ‘निपाणी’ हीसुद्धा यादीत दोन गावे होतात.

प्रश्न : फाइलींना मराठी नावे दिली तर चालेल का? ओळखायला सोपे जाते.
वाचनालय कर्मचारी, चिकोडी

उत्तर : देऊ नका. शीर्षक मराठीत, फाइलीचे नाव इंग्रजी लहान अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांत. मोकळी जागा, कंस, स्वल्पविराम नको.

कारणे व्यावहारिक आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘कार्यक्रमपत्रिका’ या एका शब्दाला १६ चिन्हे, म्हणजे ४८ बाइट लागतात. लिनक्स सर्व्हरवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. लांब शीर्षक त्यात मावत नाही. झिप करताना आणि दुसऱ्या संगणकावर उघडताना अशी नावे मोडण्याची भीती असते ती वेगळीच.

विंडोजवर मोठे-लहान अक्षर सारखेच धरले जाते, लिनक्सवर नाही. तक्त्यात शेवटी .पीडीएफ लहान अक्षरांत आणि फाइलीला मोठ्या अक्षरांत असेल, तर तुमच्या संगणकावर सगळे जुळेल आणि सर्व्हरवर फाइल सापडणार नाही. विंडोज शेपूट लपवते, त्यामुळे .पीडीएफ.पीडीएफ अशीही नावे तयार होतात. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये शेपटे दाखवायचा पर्याय चालू ठेवा. क्रमांकाला पाच आकडी रूप द्या, ००००१ पासून, नाहीतर १० हा २ च्या आधी लागतो.

पाठवण्याआधी आज्ञापटलावर (कमांड प्रॉम्प्टवर) डीआयआर, मग स्लॅश आणि बी, असे देऊन फोल्डरमधल्या नावांची यादी मजकूर फाइलीत काढा, ती तक्त्यात दुसऱ्या पानावर चिकटवा आणि काउंटइफ सूत्राने दोन्हीकडून जुळवा : तक्त्यात आहे पण फाइल नाही, आणि फाइल आहे पण तक्त्यात नाही. हे सूत्र मोठे-लहान अक्षर ओळखत नाही, म्हणून शेपटांवर वेगळी नजर टाका.

प्रश्न : आमच्या संग्रहात शके असलेली पुस्तके, मोडी कागद आणि १९५६ आधीची बरीच प्रकाशने आहेत. तारीख कोणती लिहावी? आणि गावाचे नाव बेळगाव, बेळगावी की बेलगाम? जिल्हा-राज्य कोणते?
महाविद्यालयीन ग्रंथपाल, बेळगाव

उत्तर : सीमाभागातल्या संग्रहाचा खरा कस इथे लागतो, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही प्रश्नांना नियम एकच आहे : छापलेले जसेच्या तसे एका रकान्यात, आणि शोधासाठीचे ठरलेले रूप दुसऱ्यात. एकासाठी दुसरे पुसू नका.

डीसी.डेट.इश्यूड मध्ये इसवी सन, इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. महिना माहीत नसेल तर नुसते वर्ष. ०१-०१ जोडून खोटी अचूकता आणू नका. देवनागरी अंकांतले साल तारीख म्हणून ओळखले जात नाही, आणि ‘इ. स. १९२८’, ‘सुमारे १९२८’ हेही नाही. तिथे १९२८ लिहा आणि ‘साल अंदाजे’ हा शेरा वर्णनात द्या.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचे वर्ष पाडव्याला सुरू होते. त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८६७ चा श्रावण म्हणजे १९४५, त्याच शकाचा माघ म्हणजे १९४६. पौष डिसेंबर-जानेवारीत पडतो, तेव्हा पौषाची तिथी असेल तर पंचांग बघितल्याशिवाय साल लिहू नका. संवत्सराचे नाव दिले असेल तर त्याने पडताळा : शके १८६७ हा पार्थिव संवत्सर, १८६८ व्यय. आकडा पुसट असेल तेव्हा हे नाव फार उपयोगी पडते. १९५७ नंतरच्या सरकारी कागदांवर भारतीय सौर दिनांक असतो. त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला सुरू होतो, पाडव्याशी त्याचा संबंध नाही. मोडी कागदांवर सुहूर सन असेल तर साधारण ५९९ मिळवावेत, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. मूळ कालगणना वर्णनात पूर्ण उतरवा : ‘मूळ नोंद : शके १८६७ पार्थिवनाम संवत्सर, माघ शु. ५’. रूपांतर चुकले असेल तर पुढच्या माणसाला ते तपासता आले पाहिजे.

मोडी कागदाची भाषा मराठीच. भाषेच्या रकान्यात एमआर लिहा. लिपी मोडी असल्याचे वर्णनात आणि विषयात सांगा. कानडीसाठी केएन. मराठी-कानडी दोन्ही असलेल्या जाहिरातीला किंवा पत्रकाला एमआर||केएन. कानडी शीर्षक कानडी लिपीतच टंका आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर डीसी.टायटल.अल्टरनेटिव्ह मध्ये द्या; दोन्ही बाजूंचे वाचक तिथे पोहोचतील.

आता गावे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. १९३० सालच्या पुस्तकावर ‘बेळगांव’ छापले असेल तर प्रकाशनस्थळ तसेच उतरवा, अनुस्वारासह. कव्हरेजच्या रकान्यात मात्र संपूर्ण साठ्यात एकच रूप हवे. कोणते, ते साठा चालवणारी संस्था ठरवेल. तुमचे काम ते लेखी मागून घेण्याचे आणि प्रत्येक ओळीत तेच वापरण्याचे आहे. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम अशी चार रूपे मिसळली तर गाळणीत चार वेगळी गावे दिसतात आणि प्रत्येकाखाली संग्रहाचा एक तुकडा.

जिल्हा-राज्याच्या बाबतीत वर्णनात कागदाच्या काळाचे खरे तेच लिहा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झाले. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणून १९५० च्या ‘मु. चंदगड, जि. बेळगाव’ या पत्त्याला ‘चूक’ समजून दुरुस्त करू नका. छापील पत्ता वर्णनात, आजचा जिल्हा कव्हरेजमध्ये. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग, पण पूर्वी ते सांगली संस्थानात होते, आणि शहापूर नावाचे गाव ठाणे जिल्ह्यातही आहे, यादगीर जिल्ह्यातही. अशा नावापुढे जिल्हा जोडायलाच हवा. रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान होते. तिथल्या जुन्या कागदांवर मुंबई इलाख्याचा शिक्का मारू नका.

साठ-सत्तर गावांची एक ठरीव यादी तक्त्याच्या वेगळ्या पानावर करा आणि कव्हरेजचा रकाना त्या यादीला बांधून टाका, म्हणजे टंकणाऱ्याला निवडच करावी लागते. हे पान करायला लागणारा वेळ वाया जात नाही.

प्रश्न : लेखकांची नावे कशी लिहावीत? आडनाव आधी की नाव?
निवृत्त ग्रंथपाल, संकेश्वर

उत्तर : आडनाव, स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचे नाव, पूर्ण माहीत असेल तर पूर्ण. ‘पु.ल. देशपांडे’, ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ ही साठ्यासाठी तीन माणसे आहेत. एका टिंबानंतरची मोकळी जागाही माणूस बदलते. टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकाला छापलेले टोपणनाव लेखकात ठेवा आणि खरे नाव वर्णनात. ठरावीक धोरण असेल तर उलटही चालेल, पण सगळीकडे सारखेच. ‘श्री.’, ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘कै.’ गाळा. अनुवादक, संपादक यांना लेखकाच्या रकान्यात बसवू नका, संपादकासाठी डीसी.कॉन्ट्रिब्यूटर.एडिटर आहे, अनुवादकाचा रकाना साठ्याच्या संचालकांना विचारून घ्या.

प्रश्न : इम्पोर्ट चालू असताना वीज गेली. किती नोंदी चढल्या कळेना, म्हणून पुन्हा चालवले, तर बऱ्याच पुस्तकांच्या दोन-दोन नोंदी झाल्या.
संगणक विभाग, अथणी

उत्तर : डीस्पेस शीर्षक बघून ‘हे आधीच आहे’ असे म्हणत नाही. तीच आज्ञा पुन्हा दिली की नव्या नोंदी होतात. यावरचा उपाय मॅपफाइल आहे. इम्पोर्टच्या आज्ञेत संग्रहाचा हँडल (साठ्यातला कायमचा पत्ता), चढवणाऱ्याचा ईमेल, फोल्डर आणि मॅपफाइलीचे नाव द्यावे लागते. मॅपफाइलीत ओळीओळीने लिहिले जाते : कोणता फोल्डर कोणत्या हँडलवर गेला. मधेच थांबले तर आधी मॅपफाइलीतली शेवटची ओळ आणि साठ्यातली शेवटची नोंद जुळवा, मग त्याच मॅपफाइलीसह ‘रिझ्यूम’ पर्यायाने चालवा. झालेल्या नोंदी वगळून ते पुढे जाते.

दुबार झालेल्या नोंदी काढायला दुसऱ्या वेळची मॅपफाइल ‘डिलीट’ पर्यायासह द्या. तिच्यातल्या सगळ्या नोंदी निघतात. पहिल्या वेळची देऊ नका, विशेषतः त्या हँडलचे दुवे कुणाला दिले असतील तर. प्रत्येक गठ्ठ्याची मॅपफाइल वेगळ्या नावाने, तारीख घालून, कायमची जपा.

सहाशे नोंदी एका दमात चढवण्यापेक्षा शंभर-शंभरचे गठ्ठे करा. आधी चाचणीच्या पर्यायाने चालवा. त्यात काहीही साठवले जात नाही, पण हरवलेली फाइल किंवा मोडलेले एक्सएमएल उघडे पडते. संकेतस्थळावरून झिप चढवत असाल तर डीस्पेस ७ मध्ये एका फाइलीची मर्यादा मुळात ५१२ एमबी ठेवलेली असते. त्याहून मोठी झिप नाकारली गेली तर ती खराब आहे असे नाही. गठ्ठा लहान करा किंवा सर्व्हरवरून आज्ञेने चालवा. मॅकवर केलेल्या झिपमध्ये एक जादा अदृश्य फोल्डर येतो, तो आधी काढा. आणि सर्व्हरला यूपीएस हवाच.

प्रश्न : सगळी पुस्तके सर्वांना खुली ठेवता येतील का? जुनीच तर आहेत.
वाचनालयाचे कार्यवाह, नंदगड

उत्तर : जुने असणे पुरेसे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. मृत्यूच्या सालात ६१ मिळवा. त्या वर्षीच्या १ जानेवारीला पुस्तक मुक्त होते. बेळगावात राहून लिहिणाऱ्या इंदिरा संत यांचे निधन २००० साली झाले, तेव्हा त्यांच्या कविता २०६० अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, संग्रह कितीही जुना असो. अनुवादाला अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. दिवाळी अंकात प्रत्येक लेखकाचा आपापला.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेली सवलत अशी आहे की, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ती ठेवणे म्हणजे जगाला खुली करणे नव्हे.

तक्त्यात लेखकाच्या मृत्यूच्या सालाचा एक कामचलाऊ रकाना ठेवा आणि त्यावरून ओळी दोन भागांत विभागा : खुल्या आणि बंद. साठ्यात दोन वेगळे संग्रह करून घ्या. बंद संग्रहाची वाचनाची परवानगी इम्पोर्टच्या आधी कर्मचाऱ्यांपुरती मर्यादित करा. नवी नोंद चढताना त्या क्षणीची परवानगी घेते. नंतर संग्रहाचे सेटिंग बदलले तरी आधी चढलेल्या फाइली खुल्याच राहतात. ज्यांचे वारस गावातच आहेत त्यांच्याकडून लेखी संमती घेणे अवघड नाही, आणि मिळाली की ते डीसी.राइट्स मध्ये नमूद करा.

प्रश्न : टिफ चढवावे की पीडीएफ?
वाचक, हुक्केरी

उत्तर : साठ्यात शोधता येणारे पीडीएफ, शक्यतो पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा प्रकार). टिफ, म्हणजे स्कॅनची मूळ चित्रे, तुमच्याकडे, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या जागी. ए-४ पानाचे ३०० पीपीआय रंगीत टिफ सुमारे २६ एमबी होते. दोनशे पानांचे पुस्तक ५ जीबीच्या पुढे जाते आणि अशी सहाशे पुस्तके ३ टीबी. करड्या छटांत हे एक तृतीयांश होते, पण पिवळ्या पडलेल्या पानावरची पेन्सिलीची टिपणे रंगीतच घ्यावीत. शोधासाठी अक्षरओळख (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणे) टेसरॅक्ट या साधनाने करा. मराठी आणि कानडी दोन्ही एकत्र देता येतात. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा पडताळा-आकडा) काढून यादी टिफबरोबर ठेवा. वर्षाने पुन्हा काढून जुळवला की कोणती डिस्क दगा देते आहे ते कळते.

प्रश्न : चढवून झाल्यावर दीडशे नोंदींत प्रकाशकाचे नाव चुकलेले सापडले. काढून पुन्हा चढवायचे का?
ग्रंथपाल, बेळगाव

उत्तर : नाही. काढले तर हँडल बदलतील आणि दिलेले दुवे तुटतील. संग्रहाचा मेटाडेटा सीएसव्ही म्हणून उतरवून घ्या, त्याची एक प्रत बाजूला ठेवा, आणि प्रकाशक, आयडी व कलेक्शन हे रकाने सोडून बाकीचे सगळे रकाने पुसून टाका. जो रकाना तक्त्यात नसेल त्याला हात लागत नाही. पण रकाना आहे आणि खण रिकामा आहे, तर ती माहिती साठ्यातून पुसली जाते. आयडीचा रकाना बदलू नका. रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंसात भाषेची खूण असेल तर तीही तशीच ठेवा. ती काढली तर जुनी किंमत राहून नवी तिच्या शेजारी जमा होते. दुरुस्त सीएसव्ही चढवला की डीस्पेस आधी बदलांची यादी दाखवते. ती दीडशेच्या आसपास आहे का ते बघा. सहाशे दिसत असेल तर बहुधा शेवटच्या मोकळ्या जागा किंवा संकेतप्रणाली बदलली आहे. मान्यता न देता मागे या.